भासऱ्यासमोरची जागा

घरात सगळ्यांनी मिळून खेळायला खेळ शोधणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. दुकानात जावं, डबा आणावा, सतरंजी अंथरावी आणि बसावं. पण आमच्या घरात भासरा होता आणि मी होते, आणि जगातले बहुतेक खेळ भासरा आणि भावसून यांचा विचार न करता बनवलेले आहेत, हे मला मागच्या हिवाळ्यात कळलं.

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि भावसून म्हणजे मी, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या गोंदियाकडच्या कितीतरी शेतकरी घरांत या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. भावसुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा. भासऱ्याच्या हातात वस्तू सरळ द्यायची नाही, खाली ठेवायची, मग त्यांनी उचलायची. एका सतरंजीवर बसायचं नाही, एका खाटेवर तर मुळीच नाही. त्यांचं नाव घेण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या एका पुण्याच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘अजून चालतं हे?’ चालतं ना. फुलचूरच्या आमच्या घरात टाइल्स आहेत, वायफाय आहे, फ्रिजवर थोरल्या मुलीनं चिकटवलेली कसली कसली चित्रं आहेत, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हेही सुखानं चालू होतं.

बरं, मी काही गरीब गाय नाही. घरीच ब्लाउज शिवते, स्कूटी चालवते, बाजारात अस्तराच्या कापडासाठी हिंदीत अशी भांडते की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला सोडून आधी मला मोकळं करतो. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडाला कुलूप लावणारा एकच माणूस आहे या जगात, आपला दादा. खरंच होतं ते. भासरे आले की माझा सलवार-कमीज कपाटात जायचा, साडी बाहेर यायची आणि मी मुकी व्हायची.

भासरे आमगावजवळच्या आमच्या गावी राहायचे. जाऊबाई उन्हाळ्यात गेल्या. एकुलती एक मुलगी लग्न होऊन छत्तीसगडात. एकटेच रांधायचे, एकटेच खायचे. धानाची कापणी चालू असताना एक दिवस धानाच्या खाचरात, आमच्या बोलीत बांधीत, चक्कर येऊन पडले, आणि शेजारच्या बांधीतल्या बायांनी पाहिलं म्हणून बरं झालं. चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं तसा नवरा गेला, शेत ठेक्यानं लावलं आणि त्यांना घेऊन आला. एक बॅग, एक काठी आणि एक मफलर. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, ‘संक्रांत झाली का जाऊन राहिलो मी. बांधीत लाखोरी पेरली आहे. पाहाले कोणी पाहिजे.’

लाखोरी म्हणजे धानामागून येणारी डाळ, तिला कोणी पाहावं लागत नाही. ती आपली येते. सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही.

ते परत जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं, आणि ते मी इथे सरळ सांगून टाकते, कारण तेव्हा सरळ सांगायची सोयच नव्हती. माझे सासरे लवकर गेले, तेव्हा माझ्या नवऱ्याला याच माणसानं शिकवलं. स्वतः चौथीत शाळा सोडली आणि धाकट्याला आयटीआय करवलं, म्हणून तो आज राइस मिलमध्ये मशीनवर आहे. माझी दोन्ही बाळंतपणं जाऊबाईंनी केली. डिंकाचे लाडू त्या करायच्या, पण डिंक आणायला जंगलात कोण जायचं? असा माणूस गावात एकटा पडून राहावा, आणि आम्ही इथे गिझरच्या पाण्यानं आंघोळ करावी, हे काही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. पण माणूस घरात राहावा असं वाटलं तर तो आधी घरात यायला पाहिजे. भासरे दिवसभर समोरच्या पडवीतल्या खुर्चीवर बसून असायचे. नवरा सकाळीच मिलवर, मुली शाळा-कॉलेजात. घरात मी शिलाई मशीनवर, ते पडवीत, आणि आमच्या दोघांमध्ये एक मांजर.

ते मांजर नसतं तर आमचा संसार कसा चालला असता कोण जाणे. भासरे मांजरीला सांगायचे, ‘दूधवाला येऊन गेला.’ मी आतून मांजरीला सांगायची, ‘भात वाढला आहे म्हणावं, थंडा होईल.’ ते मांजरीला विचारायचे, ‘आज भाजीत मीठ नाही पडलं का?’ आणि मी मांजरीकडे असे डोळे वटारायची की बिचारी ओट्यावरून उडी मारून पळायची. एकदा मांजर घरात नव्हतं आणि गॅसवाला आला, तर भासरे तुळशीला म्हणाले, ‘सिलिंडर आलं.’ हसायचं नाही म्हणून मी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

खेळाची कल्पना धाकटीची. ती सातवीत आहे आणि तिच्या मते घरातले सगळे, म्हणजे तिची बहीण आणि बाप, जेवण झालं की मोबाइलात तोंड घालून बसतात आणि मोठेबाबा बाहेर थंडीत. तिनं फर्मान काढलं की संध्याकाळी सगळ्यांचे मोबाइल फ्रिजवर, आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी खेळायचं. सगळ्यांनी, म्हणजे मोठेबाबा आणि आई धरून. ‘खेळ तू निवड,’ नवरा तिला म्हणाला, आणि हसत माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो. हा माणूस एकदा आत बसून हसायला लागला की संक्रांतीनंतर कुठे जातो ते पाहते.

पहिला खेळ अंताक्षरी. त्याला काही सामान लागत नाही, कोणाला हात लावावा लागत नाही, म्हणून मला वाटलं, झालं, मिळाला खेळ. भासऱ्यांना दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यातली गाणी ढीगभर पाठ, तरुणपणी त्यांनी दंडारीत बायकांची कामंसुद्धा केलेली. माझ्यानंतर त्यांचा नंबर आला आणि गाडी अडली. मी गाणं म्हणायचं, माझ्या तोंडून पडलेलं अक्षर त्यांनी उचलायचं, म्हणजे बोलल्यासारखंच झालं की. आधी पदराआडून गाताना माझाच आवाज बसला. मग भासरे वर पंख्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, ‘पानी पिऊन येतो.’ ते पाणी जेवणाच्या वेळेपर्यंत पीतच होते.

मग नवऱ्यानं मिलमधल्या कोणाकडून कॅरम आणला. भासऱ्यांचा हात कॅरमवर असा बसलेला की धाकटी ‘अरे बाप रे’ म्हणत राहिली. पण कॅरम म्हणजे वाकणं, आणि माझ्या डोक्यावर पदर. मी नेम धरायला वाकले आणि पदराचं टोक बोर्डावर पडलं. उठताना चार सोंगट्या आणि राणी माझ्याबरोबर उठली. भासऱ्यांनी मान फिरवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की त्यांना खोकला आला होता, मला पाठीमागून कळलं नाही, पण मला त्या कॅरमचा असा राग आला की दुसऱ्या दिवशी मीच तो परत पाठवला.

मोबाइलवरचा लुडोही झाला. एकच मोबाइल, तो हातोहात फिरवायचा. माझ्याकडून भासऱ्यांकडे जाताना तो जमिनीवर ठेवायचा, त्यांनी चष्मा शोधायचा, मग मोबाइल उचलायचा, तोवर त्याची बत्ती विझायची, आणि ती पेटवायला थोरलीचा अंगठा लागायचा. थोरली म्हणाली, माझा अंगठाच कापून ठेवा तुमच्यामध्ये. हाऊजी केली. त्यात काही अडचण नव्हती, कोणाचा कोणाशी संबंधच नाही. जो तो आपल्या चिठ्ठीत डोकं घालून बसलेला. भासरे जिंकलेसुद्धा. पण नंतर नवऱ्याला म्हणाले, ‘हे तर रेशनच्या लाइनीत बसल्यासारखं आहे बाबू. आपला नंबर कधी निंगते ते पाहा.’

नाव-गाव-फळ-फूल खेळलो तेव्हा मात्र मला गलबलून आलं. भासऱ्यांचं लिहिणं हळू. पेन्सिल दाबून एकेक अक्षर काढायचे, आणि त्यांचं एक लिहून व्हायच्या आत धाकटी ‘स्टॉप’ म्हणून ओरडायची. त्यांच्या कागदावर नाव नाही, फळ नाही, फूल नाही, फक्त गाव. अक्षर कोणतंही येवो, त्यांनी आपल्याच गावाचं नाव लिहिलेलं असायचं. धाकटी म्हणाली, ‘मोठेबाबा, असं नाही चालत, क आला आहे.’ ते म्हणाले, ‘मले दुसरं सुचत नाही ना वं.’ तो कागद मी टाकला नाही, रद्दीत टाकायला हातच होईना, मग धाकटीनंच दुसऱ्या दिवशी त्याचं विमान केलं.

संक्रांत जवळ येत होती. मी रोज नवऱ्याच्या कानाशी लागायची. ‘त्यांना सांगा, इथेच राहा म्हणावं. आम्हाला बरं वाटतं म्हणावं.’ नवरा म्हणायचा, ‘सांगितलं ना बाई, किती वेळा सांगू? तो पाहू म्हणते.’ मी म्हणायची, ‘पाहू म्हणजे नाही.’ तो म्हणायचा, ‘पाहू म्हणजे पाहू.’ माझा नवरा फार गोड माणूस आहे, पण त्याला निरोप सांगता येत नाही. शंभर शब्दांचा निरोप द्यावा तर तो दोन शब्दांत पोचवतो, आणि त्यातलाही एक विसरतो.

पत्ते हे शेवटी त्यालाच सुचलं. इतके दिवस आम्ही पत्त्यांचं नाव काढलं नव्हतं, कारण पत्ते म्हटले की पोळ्याचा जुगार आठवतो आणि माझ्या माहेरी त्यापायी फार भांडणं झालेली. ‘जुगार नाही,’ नवरा म्हणाला. ‘मेंढीकोट. दादा पूर्वी असा खेळायचा की गावात कोणी त्याच्यापुढे बसायचं नाही. वहिनीनं बंद करवलं.’ मेंढीकोट म्हणजे चौघांचा खेळ. समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. एक रंग हुकूम ठरतो, तो बाकी सगळ्या रंगांना मारतो. पत्त्यांत दश्शा चार, आणि चारही ज्यांनी नेल्या त्यांनी दुसऱ्यांवर मेंढीकोट चढवला. आमच्या मुली त्याला दहला पकड म्हणतात, गोंदियात सगळी पोरं हिंदीतच खेळतात.

बसायची वेळ आली. एका सतरंजीवर चालणार नाही, म्हणून धाकटीनं चार बाजूंना धान्याच्या चार रिकाम्या बोऱ्या घातल्या, प्रत्येकाला एक. नवरा बसला, भासरे बसले, थोरली बसली. मी उभीच. चौघांत भासऱ्यांच्या एका बाजूला बसावं तर शेजार होतो, दुसऱ्या बाजूला बसावं तरी शेजार होतो. भासऱ्याला लागून भावसून कशी बसणार? राहिली एकच जागा, त्यांच्या समोरची. आणि समोर बसलं की झाले भिडू. नवऱ्याच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला. रीत पाळायला गेलो आणि रीतीनंच आम्हा दोघांना एका बाजूला टाकलं. भासऱ्यांनी एकदा समोर पाहिलं, म्हणजे माझ्या पदराच्या काठाकडे, आणि गड्डी पिसायला घेतली. काय ते पिसणं! दोन्ही हातांतून पानं अशी सरसर उतरली की धाकटीचं तोंड उघडं राहिलं.

आणि मग मला या खेळाची गंमत कळली. मेंढीकोटात भिडूनं भिडूशी बोलायचं नसतं. इशारा करायचा नाही, डोळा मारायचा नाही, ‘हे टाक, ते टाक’ म्हणायचं नाही. पान हातात द्यायचं नाही, खाली टाकायचं. सगळे नियम आम्हाला पाठच होते. आम्ही दोघं लग्न झाल्यापासून तोच खेळ खेळत होतो. नवरा आणि थोरली मात्र दर डावाला एकमेकांवर खेकसायचे. ‘पप्पा, एक्का काय म्हणून टाकला?’ ‘तू काऊन नाही सांगितलं?’ ‘सांगायचं नसतं, पप्पा!’ त्यांचं भांडण मिटेपर्यंत आमच्याकडे दोन दश्शा आलेल्या असायच्या.

आम्ही जिंकत सुटलो. मला खेळ येत होता असं नाही. पण भासऱ्यांच्या मनात काय आहे ते मला कळायचं. कसं ते सांगते. अंगणात शिरताना ते खोकायचे, घरातल्या बायकांनी पदर सावरावा म्हणून, आणि इतक्या वर्षांत त्या खोकल्यावरून मला ओळखता यायचं की भूक लागली आहे, की शेतात काही बिघडलं आहे, की बाजारातून मुलींसाठी काही आणलं आहे. ताट सरकवण्याच्या आवाजावरून भाजी आवडली की नाही ते कळायचं. तसंच पानांचं. त्यांनी पान हळू ठेवलं की मागे काही नाही, चापट मारून ठेवलं की अजून एक मोठं आहे. त्यांनाही माझं कळत असणार. एकदा ते खोकले आणि मी दश्शी टाकली, तर नवरा उठून उभाच राहिला. ‘दादा खोकलला. हा इशारा आहे.’ भासरे म्हणाले, ‘अरे, थंडी आहे.’ थोरलीनं नियम केला की डाव चालू असताना खोकायचं नाही. दुसऱ्या दिवशी भासरे मफलर गळ्याला गुंडाळून, गरम पाणी पिऊन खेळायला बसले.

सांज झाली की ते आता स्वतःच आत यायचे. आधी आपली बोरी घालायचे, मग नवऱ्याची, मग थोरलीची. माझी धाकटी घालायची. मी स्वयंपाक लवकर उरकायला लागले, कुकरची शिट्टी झाली की भासरे मांजरीला म्हणायचे, ‘झालं वाटते.’ घरात इतकं हसू मी आमच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, ‘क्या चल रहा है तुम्हारे यहाँ, रोज मेहमान आते हैं क्या?’ मी म्हटलं, ‘घरवाले ही हैं.’

तरी बॅग भरली गेली. संक्रांतीच्या दिवशी दुपारी भासऱ्यांनी धुतलेले कपडे घडी करून बॅगेत ठेवले आणि नवऱ्याला सांगितलं, उद्या सकाळी जातो. नवरा म्हणाला, ‘राहा ना दादा.’ मुली रडवेल्या झाल्या. ‘राहा ना मोठेबाबा.’ ते म्हणाले, ‘येईन ना, पोळ्याले येईन.’ मी तिळगूळ ताटलीत घालून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि बाजूला झाले. गोड बोला म्हणायचा सण, आणि मी ते म्हणायचं कोणाला, मांजरीला? स्वयंपाकघरात येऊन मी पोळपाट असा आपटला की लाटणं खाली पडलं. मला राग येत होता. कोणाचा ते ठरवता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांचा.

संध्याकाळी धाकटी म्हणाली, शेवटचा डाव. बसलो. आणि पानंही अशी आली की काय सांगू. तीन दश्शा आमच्याकडे आल्या. चौथी, चौकटची, माझ्या हातातच होती. मेंढीकोट समोर दिसत होता. प्रत्येकाच्या हातात शेवटची दोन-दोन पानं राहिली. माझ्याजवळ ती दश्शी आणि इस्पिकची एक बारकी तिर्री. इस्पिक हुकूम होता. भासऱ्यांनी बदामचा बादशहा टाकला. चापट मारून टाकला. थोरलीनं त्यावर बदामचंच एक हलकं पान घातलं. आता माझा नंबर, आणि माझ्यानंतर नवऱ्याचा.

बदाम माझ्याकडे नव्हता. नवरा मिशीतल्या मिशीत हसत होता. मला वाटलं, याच्याकडे हुकूम आहे, हा आता आपल्या दादाचा बादशहा मारणार. शेवटच्या डावात, सगळ्यांसमोर. ते मला सहन होईना. मी माझी तिर्री टाकली. हात माझा झाला. मग हातात एकच पान उरलं, ती दश्शी, ती टाकावीच लागली, आणि नवऱ्यानं त्यावर चौकटची राणी ठेवली. चौथी दश्शी गेली. मेंढीकोट गेला. त्याच्याकडे हुकूम नव्हताच.

‘माह्या बादशहावर हुकूम कायले मारला वं?’

मी म्हटलं, ‘ते कापतील म्हणून मारला.’

‘तो काय कापते? हुकमाचं एकच पान राहिलं होतं आन् ते तुह्यापाशी होतं. मघाशी त्यानं हुकमावर किलवर टाकली, पाहिली नाही का?’

‘नाही पाहिली. माझं लक्ष तुमच्या बादशहाकडे होतं.’

‘माहा बादशहा का लहान लेकरू आहे सांभाळाले? दश्शी टाकून द्याची होती त्याच्यावर. मेंढीकोट होता हातात.’

‘मग तसं सांगायचं होतं ना.’

‘कसं सांगू?’ ते म्हणाले.

आणि आम्ही दोघंही थांबलो. नवऱ्याचा हात पत्ते गोळा करता करता तसाच राहिला होता. धाकटी आधी त्यांच्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे. माझा पदर खांद्यावर होता. केव्हा घसरला मला ठाऊक नाही. मी तो ओढून घेतला, पण आता काय उपयोग? भासऱ्यांनी आपली पानं खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पडवीत गेले. जेवायलाही आले नाहीत, धाकटीनं ताट बाहेर नेऊन दिलं. मी ओट्याशी उभी राहून भांडी घासत होते आणि मला रडू येत होतं. जायचे ते जाणारच होते, आता लाजेनं पोळ्यालाही येणार नाहीत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. नवरा म्हणाला, ‘अवं, पत्त्यांवरून भांडलीस तू. माझ्याशी तर रोज भांडतेस.’ मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत निघून गेला.

सकाळी नवरा मिलवर गेला. मुली पाया पडून, डोळे पुसत शाळा-कॉलेजात गेल्या. स्टेशनवर न्यायला ऑटो येणार होता. मी स्वयंपाकघरात होते, चहा ठेवायचा म्हणून पातेलं हातात घेतलेलं. मागून खोकला आला. हा खोकला मी कधी ऐकला नव्हता. वळले तर भासरे स्वयंपाकघराच्या दारात. खांद्याला बॅग. मांजर बाहेर उन्हात होतं.

‘मी जाऊन राहिलो,’ ते म्हणाले. भिंतीला नाही, मला.

मी नुसती मान हलवली.

‘भाऊ म्हणते राहा. पोट्ट्या म्हणतात राहा,’ ते म्हणाले. ‘घर तं तुहं आहे. तू तं काही म्हटलं नाही.’

आता मला राग आला, आणि या वेळी कोणाचा ते नीट ठाऊक होतं. ‘मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते?’ मी म्हटलं. ‘रोज मीच तर सांगत होते यांना. दादाला म्हणा इथेच राहा, म्हणून डोकं खात होते मी त्यांचं.’

‘मले कोणी सांगतलं नाही, तू म्हणते म्हणून.’

नवऱ्याचे निरोप! दोन शब्द पोचवले आणि माझं नाव वाटेत सांडलं. इतके दिवस हा माणूस पडवीत बसून वाट पाहत होता, आणि मी आत बसून मांजरीला भात वाढल्याचं सांगत होते.

‘मग आता सांगते,’ मी म्हटलं. ‘राहा.’

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला, दोनदा. त्यांनी खांद्यावरची बॅग काढली, दाराशी भिंतीला टेकवली आणि तिथेच पाटावर बसले. मी गॅस पेटवला. पाणी टाकलं, पत्ती टाकली, साखरेचा डबा काढला आणि नेहमीसारखे चमचे भरून टाकायला लागले.

‘साखर कमी टाकत जा वं,’ ते मागून म्हणाले. ‘लय गोड होते.’

चमचा माझ्या हातातच राहिला. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हापासून, दर सणाला, दर कापणीला, आणि आता या हिवाळ्यात रोज दोनदा, मी या माणसाला चहा दिला होता. त्यांनी एकदाही कपात एक घोटही शिल्लक ठेवला नव्हता.